टाकीवरची रेघ

९ जानेवारी

थोरल्या,

फोनवर तुझ्याशी भांडायला लागलं की तुझा आवाज तुटायला लागतो. मला काय कळत नाही होय? कागदाचा आवाज तुटत नाही, म्हणून लिहितेय. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच, पण पुरतं वाच.

तुझी मोटारसायकल बाहेरच्या खोलीत उभी आहे. भिंतीला माझं शिवणयंत्र, मधे ती, आणि उरलेल्या फटीतून आम्ही दोघी आडव्या होऊन दारापर्यंत जातो. घरात जावई येऊन बसावा तशी बसलीय. जावई निदान जेवून उठतो.

नोकरीला जाताना काय काय बजावून गेलास! टाकीवर काही ठेवू नका. टाकीला टेकू नका. पुसायची तर अंगठी काढून पुसा. कोरड्या फडक्यानं पुसू नका, ओल्यानं पुसलीत तर ओली ठेवू नका. अरे, तू तान्हा होतास तेव्हा तुला पुसतानासुद्धा मी इतका विचार केला नव्हता.

आता कामाचं. धाकटीला नोकरी लागली. रक्त तपासतात त्या लॅबमध्ये. लोकांच्या घरी जाऊन रक्त काढायचं आणि नळ्या पेटीत घालून लॅबला आणून द्यायच्या. माणसं उपाशीपोटी वाट बघत बसलेली असतात, म्हणजे उजाडायच्या आत पोचलं पाहिजे. पहिली बस त्यानंतर सुटते. तुझी बहीण चालत जाते. उशीर झाला की लॅबवाली बाई सगळ्यांसमोर बोलते. दोनदा बोलून झालंय, तिसऱ्यांदा बोलणार नाही, सरळ घरी बसवीन म्हणाली.

गाडी चालवायला तिला तुझ्या बापानंच शिकवलं होतं, तुला शिकवलं त्याच वर्षी, त्याच मैदानात. तू दोनदा पडलास, ती पडली नाही. तेव्हा गाडी तिला दे. किल्ली माझ्याकडे आहे, पण तू मालक, म्हणून विचारतेय. नाही ऐकायला विचारलेलं नाही.

आजी


१७ जानेवारी

आजी, नमस्कार.

कागद पुरता वाचला. तरी नाहीच म्हणतोय.

तू म्हणशील, एवढं काय त्या टाकीत. बाबांनी त्या हिरव्या टाकीवर ती पांढरट रेघ ओढली तेव्हा मी शेजारी उभा होतो. पट्टी नाही, चिकटपट्टी नाही. श्वास रोखून, बारीक ब्रशनं, एका दमात. आधी डावी बाजू, मग उजवी, आणि दोन्ही अगदी सारख्या. त्यांनी जन्मभर लोकांच्या गाड्या रंगवल्या आणि लोक त्या घेऊन गेले. आपल्या घरात त्यांच्या हातचं तेवढंच उरलंय.

आणि टाकी कशानं खराब होते ते मला विचार. पट्ट्याचं बक्कल, जाकिटाची चेन, गळ्यात लटकणारं ओळखपत्र, किल्ल्यांचा जुडगा. पेट्रोल भरताना नळीतून दोन थेंब सांडले आणि लगेच पुसले नाहीत तर तिथला रंग मेला. दोन्ही गुडघे रोज घासले की वर्षा-दोन वर्षांत आतला पत्रा दिसतो. वर ती पेटी! पेटी ती पुढ्यात टाकीवरच ठेवणार, मला माहीत आहे.

मी पार्सल पाठवलंय. त्यात पारदर्शक फिल्म आहे. साबणाच्या पाण्याचा हात फिरवून टाकीवर बसवायची आणि मधली हवा एखाद्या कार्डानं कडेला ढकलत बाहेर काढायची. गुडघ्यांच्या जागी लावायला दोन रबरी पॅडही आहेत. हे सगळं लाव आणि गाडी झाकून ठेव. सुटीत येईन तेव्हा बघू. तोवर तिनं काहीतरी सोय बघावी.

तुझा,
थोरला


११ फेब्रुवारी

थोरल्या,

उंटावरून शेळ्या हाकायला तुला छान जमतं. कार्डानं हवा ढकल म्हणे! एकीकडची हवा ढकलली की ती दुसरीकडे वर येते. हात भाजल्यावर फोड येतात तशी दिसायला लागली तुझी टाकी. निम्मी फिल्म माझ्या कोपराला चिकटली, ती काढताना कोपराची सालटं निघाली. माझ्या कोपरावर कुणी रेघ ओढलेली नाही, म्हणून तुला त्याचं काही वाटणार नाही. फिल्म काढून फेकली. पॅडही फेकले, त्यांचा वास येत होता.

मग मी माझ्या पद्धतीनं केलं. इतकी वर्षं सीट कव्हरं शिवली, एक टाकी शिवता येणार नाही मला? वरून रेक्झिन, मधे पातळ फोम, आतून फ्लॅनेल. झाकणापुरतं गोल भोक, त्याला दुहेरी गोट. बटण नाही, चेन नाही, खालून नाड्या. एक सुरकुती नाही. लहान मुलाला बंडी घालावी तशी बसलीय. कोपऱ्यावरचा मिस्तरी बघून म्हणाला, "आजी, मलाही एक शिवा." म्हटलं, तुझं पोट आधी आत घे.

मिस्तरी म्हणतो, गाडी नुसती उभी ठेवली की बॅटरी मरते. म्हणून अधूनमधून चालू करतो.

धाकटी बरी आहे. आता वेळेवर पोचते.

आजी


२० फेब्रुवारी

आजी,

तू कमाल आहेस! कव्हरचं वाचून जीव भांड्यात पडला. मी उगाच घाबरत होतो. गाडी चालू करता हे फार बरं करता, पण उभ्या उभ्याच करा, दारापाशी आणून, नाहीतर घरात धूर होईल. टाकी अर्धी भरलेली आहे, तेवढं पेट्रोल त्याला पुष्कळ झालं.

एक मात्र पाळ. कव्हर बांधून विसरून जाऊ नकोस. आठवड्यातून एकदा काढायचं, झटकायचं, टाकी पुसायची, मगच परत बांधायचं. आत धूळ गेली आणि वरून दाब आला की कव्हर म्हणजे पॉलिश पेपरच. माझ्या इथल्या एकाची टाकी अशीच गेली.

शक्य झालं तर रेघेचा फोटो पाठवायला सांग. दोन्ही बाजूंचा.

इकडे काम ठीक. गोदामात आता माझ्या हाताखाली चार माणसं आहेत.

थोरला


२६ एप्रिल

आजी,

माझा शाळेतला मित्र, तो आपला गोलकीपर, त्याला काल चौकात सिग्नलला धाकटी दिसली. माझ्या गाडीवर. मागे पेटी बांधलेली. त्याला वाटलं मला आनंद होईल, म्हणून त्यानं फोटो काढून पाठवला.

अधूनमधून चालू करतो म्हणालीस. अशी चालू करता होय?

फोटो मोठा करून पाहिला. टाकीवर कव्हर नव्हतं, आणि डावीकडची रेघही नव्हती. गुडघ्याच्या जागी हिरवा रंग पांढुरका पडलाय आणि रेघ मधूनच नाहीशी झालीय. टोकं तेवढी उरलीत. आजी, ती रेघ आता कोण ओढून देणार आहे? सांग ना. कुणाकडे जाऊ मी?

तू मला खोटं लिहिलंस. मी तुझं कौतुक करत बसलो आणि तुम्ही दोघी हसत असाल. धाकटीला तर मी काय बोलावं! तिला बाबांचं काही वाटतच नाही. बूड टेकायला गाडी मिळाली की झालं.

मालवाहतूकवाल्याशी बोललोय. पुढच्या महिन्यात तो इकडे येताना गाडी घेऊन येईल. गाडी माझ्या नावावर आहे. किल्ली आणि गाडी त्याच्या ताब्यात द्यायची. मला यावर आणखी काही ऐकायचं नाही.

थोरला


२ मे

थोरल्या,

तुला ऐकायचं नसेल, पण मला सांगायचंय.

होय, गाडी मी दिली. किल्ली मी तिच्या हातात ठेवली. ती नको म्हणत होती, दादा चिडेल म्हणाली. म्हटलं, चिडू दे, त्याला मी पुरून उरेन. खोटंही मीच लिहिलं. हसलो मात्र नाही. हसायला वेळ कुणाला आहे इथे?

का दिली ते ऐक. ती चालत जायची तेव्हा रस्त्यावर कुत्रंही जागं नसायचं. एके दिवशी तिच्या मागून दोघं चालायला लागले. ती थांबली की थांबायचे, चालली की चालायचे. नाव काय विचारलं, पेटीत काय आहे विचारलं. एकानं पेटीला हात घातला. ती धावत सुटली, आणि ज्या घरी रक्त काढायचं होतं तिथे जाऊन पडली. त्या म्हाताऱ्यानं दार लावून घेतलं, पाणी दिलं. पाणी पिऊन तिनं त्याचं रक्त काढलं आणि एका टोचण्यात काढलं. घरी आल्यावर मला सांगितलं, आणि वर म्हणाली, "आजी, दादाला सांगू नकोस, तो नोकरी सोड म्हणेल."

तुझं ते पत्र तेव्हा नुकतंच आलं होतं. तिनं काहीतरी सोय बघावी. मग मी बघितली सोय.

आता रेघेचं. ती धाकटीनं घालवलेली नाही. तिचं बक्कल नाही, चेन नाही, पेटी नाही. पेटी ती मागे बांधते, फोटोत तुलाही दिसली. रेघ गेली माझ्या कव्हरनं. धुऊन बाहेरच्या कठड्यावर वाळत टाकलं होतं, डावीकडच्या फ्लॅनेलमध्ये बारीक कच बसली असणार. मी ते तसंच ताणून बांधलं. तू लिहिलं होतंस झटक म्हणून. मला वाटलं, कालचं पोर मला कव्हर शिकवतंय. नाही झटकलं. तिचे गुडघे वरून दाबत राहिले आणि आतून रेघ जात राहिली. कव्हर सोडलं तेव्हा दिसलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तुला काय वाटतं, त्या रेघेशी तुझंच नातं होतं? ज्या हातानं ती ओढली तो हात धरून मीच त्याला चालायला शिकवलंय.

पण तू जे केलंयस ना, ते मला पटत नाही. नाकापेक्षा मोती जड झालाय तुला. तुझा बाप त्या टाकीवर पाना ठेवायचा. गरम चहाचा पेला ठेवायचा. तुला बुटांसकट बसवून गल्लीभर फिरवायचा आणि तू टाचा आपटायचास. चरा पडला की शिवी हासडायचा, डबीतला रंग काढायचा, भरायचा आणि कामाला जायचा. त्याला गाडी चालवायची होती. पूजा बांधायची नव्हती.

त्यानं मागे एक रेघ ठेवली, हे तुला पाठ आहे. एक मुलगीही ठेवली, हे कधी आठवतं? तिला बापाचं काही वाटत नाही म्हणे! बाप गेला तेव्हा तू बाहेर माणसांत बसला होतास. त्याचे कपडे धुऊन, घडी करून कपाटात कुणी ठेवले? मी नाही. माझे हात चालत नव्हते.

ये म्हणावं तुझ्या मालवाहतूकवाल्याला. मी घरीच असते.

आजी


९ मे

आजी,

त्या दोघांचं मला माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलंच नाही तर मला कसं कळणार? मी काय राक्षस आहे का? आधी कळलं असतं तर मी काहीतरी केलं असतं.

धाकटीला ती नोकरी सोडू दे. दुसरी मिळेल. किंवा थोडं थांबू दे, मी तिला एखादी जुनी स्कूटर बघून देईन. पण ही गाडी आणखी चालली तर उजवी बाजूसुद्धा जाईल. एक बाजू तरी माझ्याकडे राहू दे. मी तुझ्याशी भांडत नाहीये, आजी. मागतोय.

वाहतूकवाला चौदा तारखेला येईल. त्याला सगळं सांगून ठेवलंय. गाडीभोवती घोंगड्या गुंडाळून नेईल.

थोरला


१६ मे

थोरल्या,

तुझा माणूस आला होता. घोंगड्या घेऊन आला होता, खरं बोललास.

मागतोय म्हणालास ना? मागितलेलं मी दिलं. टाकी पाठवलीय. नुसती टाकी.

आदल्या दिवशी मिस्तरीला घरी बोलावलं. त्यानं सीट काढली, मागचा बोल्ट सोडला, पेट्रोलची नळी सोडली आणि टाकी उचलून माझ्या मांडीवर ठेवली. वाटते त्यापेक्षा हलकी असते रे. मी आपली उगीच दोन्ही हातांनी धरून बसले. पेट्रोल काढून घेतलंय, दिवसभर उघडी ठेवून आतून वाळवलीय, तरी काडी ओढायच्या आधी लांब ठेव. तुझी उजवी बाजू शाबूत आहे. डावीला हात लावू दिला नाही कुणाला. मिस्तरी म्हणत होता पुन्हा रंगवून देतो, म्हटलं, ज्याची आहे तो ठरवेल. जुन्या मऊ चादरीत गुंडाळलीय आणि चादर आधी झटकलीय. दोनदा.

तुझा माणूस दारात उभा राहून कागद वाचायला लागला. "आजी, इथे मोटारसायकल लिहिलंय."

"असेल लिहिलेलं."

"पण हा तर डबा आहे."

"डबा म्हणू नकोस. मालकानं ऐकलं तर तुझी मजुरी कापील."

"मग गाडी कुठे आहे?"

"गाडी कामावर गेलीय."

डोकं खाजवत बसला. मी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, ज्यानं पाठवलंय त्याला ही टाकी हवी आहे, बाकी लोखंडाशी त्याचं काही देणंघेणं नाही. वाच त्याची पत्रं हवी तर. त्यात सीटचं एक अक्षर नाही, चाकाचं नाही, ब्रेकचं नाही. ब्रेक लागतात का, हेसुद्धा कधी विचारलेलं नाही. तो म्हणाला, "तुमच्या घरातलं तुम्ही बघा बाई," आणि टाकी घेऊन गेला. पुढच्या सीटवर ठेवलीय, मागे मालात टाकू दिली नाही मी.

गाडीला मिस्तरीनं भंगारातली टाकी बसवलीय. लाल. एका बाजूला पोचा आहे, दुसऱ्या बाजूला कुणीतरी कुणाचंतरी नाव कोरलेलं आहे. हिरव्या गाडीवर ती म्हणजे बघण्यासारखं ध्यान! धाकटी बघून आधी रडली. रेघेसाठी रडली, तुला खरं वाटणार नाही. मग पुढ्यात पेटी आपटली, आणि गेली.

ती नोकरी सोडणार नाही. तिनं सोडते म्हटलं तरी मी सोडू देणार नाही.

गाडी तुझ्या नावावर आहे म्हणतोस. असू दे. नाव तुझं, गाडी तिची. ते पटत नसेल तर स्वतः ये आणि तिला खाली उतरव. मी दारात उभी असेन.

आजी


२८ मे

आजी,

टाकी पोचली. एक नवा ओरखडा नाही.

मी इतका रागावलोय की तीन वेळा लिहायला बसलो आणि तीन वेळा फाडलं. इथे सगळे हसले. गाडी येणार म्हणून जागा करून ठेवली होती, आणि माझ्या हातात काय, तर चादरीत गुंडाळलेली टाकी. खोलीतला सोबती म्हणाला, पाळणा आणू का? खोलीत पेट्रोलचा वास भरलाय, तो रोज शिव्या देतो. खाटेखाली मावत नाही, म्हणून उशाशी ठेवलीय. उजवी बाजू वर करून.

हे तू बरोबर केलं नाहीस. असं कुणी करत नाही. मी एवढ्यात फोन करणार नाही आणि सुटीत येईन की नाही तेही सांगत नाही.

भंगारातल्या टाक्यांची झाकणं सैल असतात. ब्रेक मारला की पेट्रोल उसळून बाहेर येतं, इंजिन तापलेलं असतं, आणि ती तर मांड घालून वरच बसलेली असते. तिला म्हणावं टाकी काठोकाठ भरू नकोस. आणि झाकणाचं रबर बदलून घ्या. आजच.

थोरला


३ जून

थोरल्या,

झाकण गळत होतं. रबर बदललं.

तू रागावलायस ते कळलं. रागाव, हवं तितकं रागाव. गोड बोलत होतास तेव्हा पोरीचं एका शब्दानं विचारलं नव्हतंस.

आजी